नांव आणि किल्ली

वाड्यांतील कोठीचें रक्षण दोन रीतींनीं करतां येतें. पहारेकऱ्यापाशीं अधिकृत माणसांची यादी ठेवावी, किंवा ज्यास आंत जावयाचें त्याच्याच हातीं किल्ली द्यावी. संगणकाच्या कारभारांत या दोन रीतींचा झगडा अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे.

किल्लीच्या रीतीस शास्त्रीय रूप १९६६ सालीं मिळालें. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंतील जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनीं तिला 'केपेबिलिटी' म्हटलें. वस्तूचा निर्देश आणि ती वापरण्याचा अधिकार हे दोन्ही या किल्लींत एकवटलेले असतात.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स'ची उभारणी आरंभिली. तींत फाईल उघडतांना अधिकाराची तपासणी एकदांच होते. मग आज्ञावलीला ३ किंवा ४ असा लहानसा आंकडा मिळतो. हाच 'फाईल डिस्क्रिप्टर'. दुसऱ्या आज्ञावलीनें तो नुसता उच्चारून उपयोग नाहीं. त्यामागील नोंद व्यवस्थेच्या गाभ्यांत, ज्याची त्याच्यापुरतीच असते. मात्र १९८३ च्या ४.२ बी. एस्. डी. आवृत्तींत उघडलेली फाईल दुसऱ्या आज्ञावलीच्या स्वाधीन करण्याची सोय झाली.

तरीहि किल्ली मिळविण्यासाठीं नांवच सांगावें लागे, आणि तपासणी यादीवरूनच होई. त्यांतील धोका नॉर्म हार्डी यांनीं १९८८ सालीं टाइमशेअर कंपनींतील एका जुन्या घटनेवरून दाखविला. तेथील 'कंपायलर'ला, म्हणजे आज्ञावलीचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या साधनाला, आपली आंकडेवारी नोंदविण्यासाठीं एका राखीव कप्प्यांत लिहिण्याची मुभा होती. त्याच कप्प्यांत बिलांचा हिशेबहि होता. एका गिऱ्हाइकानें आपला मजकूर कोठें लिहावा म्हणून त्या हिशेबाच्या फाईलचेंच नांव दिलें. कंपायलरनें निमूटपणें तसें केलें, आणि हिशेब नाहींसा झाला. गिऱ्हाइकास अधिकार नव्हता. चाकरानें तो स्वतःचा वापरला. नांवाऐवजीं किल्ली मागितली असती, तर गिऱ्हाइकास ती देतांच आली नसती.

२०१० सालीं केंब्रिज विद्यापीठांतील रॉबर्ट वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं युनिक्सच्याच वंशांतील 'फ्रीबीएसडी'साठीं 'कॅप्सिकम' ही योजना मांडली. तिच्या बंधनांत शिरलेल्या आज्ञावलीला कोठीची सर्व दारें नांवानिशीं ठोठावतां येत नाहींत. हातीं असलेल्या डिस्क्रिप्टरांवरच तिला काम भागवावें लागतें. हार्डी यांच्या कथेंतील चाकर अप्रामाणिक नव्हता. त्याच्या हातीं कामापुरत्याच किल्ल्या नव्हत्या, एवढाच दोष होता.