पुस्तिकांचे वाङ्मय : ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि ‘सत्सार’

मराठी गद्याचा इतिहास ग्रंथ आणि नियतकालिके ह्या दोनच वाटांनी सांगण्याची रूढी पडली आहे. ह्या दोहोंच्या मधोमध एकोणिसाव्या शतकात आणखी एक साधन वावरत होते. ग्रंथापेक्षा आखूड, वृत्तपत्रापेक्षा सवडीचे आणि संपादकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले असे हे साधन म्हणजे पुस्तिका. तिचा पाया मिशनऱ्यांनी घातला हे खरे. परंतु ते शस्त्र एकाच्या हाती फार दिवस राहिले नाही. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ छापली आणि पुढल्याच वर्षी जॉन विल्सन ह्यांना तिला उत्तर द्यावे लागले. छापील वादाची चाल अशी पडली.

ह्या वाङ्मयाचे सामर्थ्य पाहावयाचे तर १८८२ ते १८८५ ही चार वर्षे पाहावीत. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात सौम्य करण्यात आली. शिक्षा सौम्य झाली तरी लोकांची जीभ सौम्य झाली नाही. ‘पुणेवैभवा’ने ह्या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीच्याच नीतीवर कोरडे ओढले. त्याला उत्तर आले ते बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे ह्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. सुधारकांचा नित्याचा मार्ग शास्त्राधार काढण्याचा. ताराबाईंनी तो जवळजवळ सोडूनच दिला. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यावयाचा आणि तो पुरुषांच्या पदरात किती मापाने भरतो हे दाखवावयाचे, अशी त्यांची सरळ फिर्यादी पद्धती. भाषाही ग्रांथिक नव्हे; माजघरातली, आणि प्रसंगी चुलीपुढची. असले गद्य त्या काळी कोणत्या मासिकाने पदरी घेतले असते?

निबंधावर टीका झाली, आणि ती केवळ सनातन्यांकडूनच झाली असे नव्हे. तेव्हा जोतीराव फुले ह्यांनी १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’ ह्या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. एका पुस्तिकेच्या रक्षणास दुसरी पुस्तिका धावून आली. सत्यशोधकांचे स्वतःचे ‘दीनबंधु’ पत्र असताना जोतीरावांना ही निराळी वाट का धरावी लागली, ह्याचे उत्तर १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’च्या हकीकतीत सापडते. त्यातील पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली, पुढली छापण्याचे धैर्य त्याला झाले नाही. आपल्याच चळवळीचे पत्र जेथे कचरते तेथे लेखकाला स्वतःचा कागद आणि स्वतःचा छापखर्च हाच आधार उरतो.

परंतु ह्या स्वातंत्र्याची किंमतही होती. वृत्तपत्राची वर्षवार बांधणी होते, ग्रंथाला कपाट मिळते; बिनबांधणीच्या चार-दोन फर्म्यांना वाळवी आणि रद्दीवाला हेच वारस. १८६७ च्या कायद्याने सरकारला त्रैमासिक याद्या ठेवणे भाग पडले, म्हणून कित्येक पुस्तिकांचे नाव, पृष्ठसंख्या, प्रती आणि किंमत एवढे तरी उरले. ज्या सरकारला छापखान्यांवर नजर ठेवावयाची होती त्याचेच कारकून अशा रीतीने मराठी वाङ्मयाचे स्मरणिक झाले!

ताराबाईंचा निबंध तर वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीआडच गेला. स. गं. मालशे ह्यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा त्र्याण्णव वर्षे लोटली होती. ‘सत्सार’ त्यापूर्वी, १९६९ मध्ये, फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आला होता. मधल्या काळात मराठी निबंधाचे जे इतिहास रचले गेले त्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ला मानाचे पान मिळाले, आणि ते योग्यच होते. पण त्याच पुण्यात, त्याच दशकात छापलेला एका स्त्रीचा निबंध निबंध म्हणून मोजलाच गेला नाही. तो वाचून नापसंत ठरला असता तर गोष्ट वेगळी. बहुतेकांच्या हाती त्याची प्रतच नव्हती.