राणी व्हिक्टोरियाच्या काळांतील भरतकाम

इ. स. १८३७ मध्यें राणी व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर आली आणि १९०१ पर्यंत तिनें राज्य केलें. या ६४ वर्षांच्या अवधींत आगगाडीचे रूळ देशभर पसरले, गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं आणि माणसाच्या हातांतील कितीतरी हत्यारें यंत्रांनीं काढून घेतलीं. शिवणाचें यंत्रहि याच काळांत घरांत शिरलें. तरीपण स्त्रीच्या हातांतली सुई सुटली नाहीं. उमरावाच्या दिवाणखान्यांत ती होती, कारकुनाच्या बिऱ्हाडांत होती आणि अनाथालयांतील पोरक्या मुलीच्या हातींहि होती. हत्यार एकच, परंतु एका घरीं तें वेळ घालविण्याचें साधन होतें, तर दुसऱ्या घरीं पोट भरण्याचें. त्या काळच्या भरतकामाचा इतिहास हा मुख्यतः या दोन घरांचा इतिहास आहे.

सुखवस्तु घरांतील स्त्रियांचीं बहुतेक घरकामें नोकर करीत. पैशासाठीं काम करणें अशा स्त्रीला कमीपणाचें, आणि रिकाम्या हातानें बसणें हेंहि दोषास्पद! या पेंचांतून सुईनें मार्ग काढला. शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांतील प्रकाशकांनीं एक सोपी युक्ति शोधली होती. चौकोन आंखलेल्या कागदावर चित्र छापावयाचें आणि त्यांत हातानें रंग भरावयाचे. कागदावरचा एक चौकोन म्हणजे जाळीदार कापडावरचा एक टांका. ज्या स्त्रीला चौकोन मोजतां येत, तिला चित्रकला येण्याची जरुरी राहिली नाहीं. १८३१ पासून लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील विल्क्स नांवाचे व्यापारी हे नमुने आणि त्यांना लागणारी मऊ मेरिनो लोकर बर्लिनहून मागवूं लागले. १८४० पर्यंत असे सुमारें १४,००० नमुने निघाले होते. गुलाबांचे गुच्छ, पोपट, लाडकीं कुत्रीं, बायबलांतील प्रसंग असे नाना विषय सपातांवर, उशांवर, खुर्च्यांच्या बैठकींवर आणि शेकोटीपुढच्या पडद्यांवर उमटूं लागले. १८५६ मध्यें विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग तयार केला. त्यामागून इतर कृत्रिम रंग आले आणि लोकरीचे गुलाब बागेंतल्या गुलाबांहूनहि भडक दिसूं लागले.

या कामांत सफाई होती, चिकाटी होती. पण कल्पना दुसऱ्याची होती. कोणत्या पाकळीला कोणता रंग, हें बर्लिनच्या कागदानें आधींच ठरविलेलें असे. ज्या स्त्रीनें शेंकडों तास खर्चून तें चित्र पुरें केलें, तिच्या स्वतःच्या मनाला त्यांत फारच थोडी जागा उरे.

गरिबांच्या मुलींना सुई वेगळ्या हेतूनें दिली जाई. १८६२ च्या शिक्षणविषयक नियमांनीं सरकारी मदत घेणाऱ्या शाळांत मुलींना साधें शिवणकाम शिकविणें आवश्यक केलें. मुंबई इलाख्यांतील मिशनऱ्यांच्या कन्याशाळांत वाचनलेखनाच्या जोडीला शिवणकाम आलें, तें याच परंपरेंतून. ब्रिस्टलजवळ ॲश्ले डाउन येथें जॉर्ज म्युलर यांनीं चालविलेल्या अनाथालयांतील मुली पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानें अक्षरांच्या आणि आंकड्यांच्या ओळींमागून ओळी भरीत. इतक्या बारीक टांक्यांची तेथें गरज काय, असें पाहणाऱ्यास वाटेल. पण त्या काळीं घरांतील चादरी, टॉवेल, रुमाल यांवर मालकाची आद्याक्षरें व आंकडे घालण्याची रीत होती. तो रुमाल म्हणजे मोलकरणीची जागा मागावयास जातांना त्या पोरीपाशीं असलेलें प्रशस्तिपत्रच होय.

ज्यांची भाकर सुईवरच अवलंबून होती, त्यांची स्थिति आणखी बिकट. स्कॉटलंडांत एअर परगण्यांत १८१४ च्या सुमारास मिसेस जेमीसन यांनीं पातळ मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याचें नाजूक भरतकाम सुरू केलें. बाप्तिस्म्याच्या वेळीं बाळाला घालावयाचीं अंगरखीं हें त्याचें वैशिष्ट्य. दलाल कापड वांटीत, आणि झोंपड्यांझोंपड्यांतून बायका व मुली तें भरून देत. पण स्वित्झर्लंडमधील यंत्रें तसेंच काम स्वस्तांत करूं लागलीं. त्यांतच १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून कापसाची आवक तुटली आणि हा धंदा कोसळला. लंडनमध्यें तर १८४३ सालीं एक विधवा न्यायालयापुढें उभी करण्यांत आली. शिवावयास दिलेले कपडे तिनें गहाण टाकले, हा तिचा अपराध. चौकशींत निघालें कीं, एका विजारीला तिला सात पेन्स मिळत, दोरा तिनेंच आणावयाचा, आणि आठवडाभर राबून फार तर सात शिलिंग हातीं पडत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टॉमस हूड या कवीची शिवणकाम करणाऱ्या स्त्रीवरील कविता 'पंच' साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली आणि तिनें सारा देश हळहळला. हळहळीनें मजुरीचा दर मात्र वाढला नाहीं.

या दोन घरांमध्यें एक तिसरें घर होतें. वडील वारले, गुंतवणूक बुडाली, लग्न झालें नाहीं, अशा सुशिक्षित पण निराधार स्त्रियांचें तें घर. त्यांच्यासाठीं १८७२ मध्यें लेडी व्हिक्टोरिया वेल्बी यांनीं लंडनमध्यें स्लोन स्ट्रीटवरील एका टोप्यांच्या दुकानाच्या माडीवर, वीस स्त्रियांनिशीं, कलात्मक भरतकामाची एक शाळा काढली. राणीची कन्या राजकुमारी हेलेना तिची अध्यक्ष झाली, आणि १८७५ मध्यें राणीनें स्वतः आश्रय दिल्यानें ती 'रॉयल' झाली. लोपत चाललेली कला जगवावी आणि कुलीन स्त्रीला मानानें पोट भरतां यावें, असा तिचा दुहेरी हेतु होता. चौकोन मोजण्याऐवजीं विल्यम मॉरिस, वॉल्टर क्रेन यांसारख्या कलावंतांनीं काढलेलीं चित्रें येथें सुईनें रंगविलीं जात. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत हें काम पाहून कॅन्डेस व्हीलर यांनीं पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें तशीच संस्था काढली. लंडनची ही शाळा आज हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यांत चालू आहे.

मॉरिस हा केवळ चित्रें काढून देणारा नव्हता. जुन्या भरतकामाचे टांके उसवून पाहात तो व त्याची पत्नी जेन ती विद्या शिकलीं होतीं. त्यांची कन्या मे हिनें १८८५ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, मॉरिसच्या व्यवसायांतील भरतकामाचा विभाग हातीं घेतला. भडक कृत्रिम रंगांचा मॉरिसला तिटकारा. म्हणून १८७५ पासून तो लीक या गांवीं टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन नीळ आणि मंजिष्ठ यांचे जुने प्रयोग करूं लागला. याच वॉर्डलनें हिंदुस्थानांतील रानटी रेशमाचा, म्हणजे टसराचा, ध्यास घेतला होता. भंडारा-चांद्याकडील रानांत ज्याचे कोसे होतात, तेंच हें रेशीम. त्याचा भुरकट धागा नीट रंगत नसे. तो रंगविण्याची रीत वॉर्डलनें साधली आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडली. त्याची पत्नी एलिझाबेथ हिनें १८७९ मध्यें लीक येथें भरतकाम करणाऱ्या स्त्रियांचें मंडळ स्थापिलें, आणि टसरावर रेशमी भरतकाम ही त्या मंडळाची खूण ठरली.

या मंडळानें १८८५-८६ मध्यें एक धाडस केलें. नॉर्मन लोकांनीं १०६६ मध्यें इंग्लंड जिंकलें, त्याची कथा सांगणारा सुमारें ७० मीटर लांबीचा बायोचा भरतपट फ्रान्समध्यें आहे. इंग्लंडला त्याची एक प्रत असावी, असें एलिझाबेथ वॉर्डल हिच्या मनानें घेतलें. पस्तीसहून अधिक स्त्रियांनीं साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील छायाचित्रांवरून तो पट टांक्याला टांका जुळवून भरला. मूळ पटांतील विवस्त्र पुरुषांना या छायाचित्रांत शालीनतेखातर चड्डी चढविलेली होती. तीहि त्यांनीं इमानानें भरली. ही प्रत आज रीडिंगच्या संग्रहालयांत पाहावयास मिळते.

मूळ पट कोणत्या हातांनीं भरला, त्यांतील एकहि नांव उरलेलें नाहीं. बर्लिनच्या नमुन्यांवर शिणलेल्या डोळ्यांचीं आणि एअर परगण्यांतील झोंपड्यांतून बाळांचीं अंगरखीं भरणाऱ्या बोटांचीं नांवेंहि बहुतेक अशींच पुसून गेलीं. लीकच्या स्त्रियांनीं मात्र प्रत्येकीनें आपण भरलेल्या भागाखालीं स्वतःचें नांव सुईनें लिहून ठेवलें. चित्र दुसऱ्याचें होतें, कथा राजांची होती. काम कोणाचें, एवढें तरी त्यांनीं स्पष्ट सांगितलें.