इंग्रजीतील संबंधी सर्वनामांची निवड

नामाला उपवाक्य जोडण्यासाठी इंग्रजीत हू, हूम, हूज, विच व दॅट ही संबंधी सर्वनामे वापरतात. मराठीतील जो-जी-जे यांच्याप्रमाणे ती लिंगवचनानुसार बदलत नाहीत. नाम माणसाचे आहे की वस्तूचे, आणि उपवाक्य त्या नामाची ओळख पटवते की केवळ जास्तीची माहिती देते, यावर निवड ठरते.

माणसासाठी हू, वस्तूसाठी विच आणि दोघांसाठीही दॅट अशी आजची वाटणी आहे. ती पूर्वी एवढी पक्की नव्हती. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये विच माणसांसाठी आणि देवासाठीही येते. १७११ मध्ये रिचर्ड स्टीलने ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकात हू आणि विच यांच्या नावाने एक विनोदी अर्ज छापून दॅटने आपली जागा बळकावल्याची तक्रार मांडली. इतिहास उलटा आहे : संबंधी सर्वनाम म्हणून दॅटच अधिक जुने.

खरा वाद दॅट आणि विच यांचा. ओळख पटवणाऱ्या उपवाक्यात दॅट व जास्तीच्या माहितीसाठी विच, असा सल्ला एच. डब्ल्यू. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात दिला. बहुतेक लेखक असे लिहीत नाहीत, हेही त्याने तिथेच मान्य केले. अमेरिकी संपादकांनी मात्र हा सल्ला नियमासारखा पाळला. ब्रिटिश लेखनात ओळख पटवणारे विच आजही सर्रास चालते, त्यामुळे ते चूक ठरवणे अन्यायाचे आहे. बंधन आहे ते दुसऱ्या बाजूने : स्वल्पविरामानंतरच्या जास्तीच्या माहितीत दॅट सहसा चालत नाही, आणि ‘इन विच’च्या जागी ‘इन दॅट’ येत नाही.

अर्थ बदलतो तो स्वल्पविरामाने. ‘द पॅसेंजर्स हू हॅड टिकिट्स गॉट इन’ म्हणजे फक्त तिकीटवाले चढले. पॅसेंजर्स आणि टिकिट्स यांच्यानंतर स्वल्पविराम दिले की सगळ्यांकडे तिकिटे होती आणि सगळेच चढले.

कर्मस्थानी हूम आता औपचारिक लेखनात उरले आहे. बोलताना हू चालते. शब्दयोगी अव्यय आधी आले, तर मात्र ‘टू हूम’च हवे. हूज वस्तूंनाही लागते. कर्मस्थानी असलेले सर्वनाम ओळख पटवणाऱ्या उपवाक्यातून गाळताही येते : ‘द बुक आय बॉट’. मराठी विद्यार्थी ‘द बुक विच आय बॉट इट’ लिहितो, तेव्हा विचनेच कर्माची जागा भरली आहे हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. तिथला इट काढून टाकावा.