शब्दयादी आणि शुद्धलेखन : एका आज्ञावलीचा इतिहास

लेखनातील चुका यंत्राने शोधाव्यात ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे भाषेविषयीची एक विशिष्ट भूमिका उभी आहे याचे भान फारसे कोणाला राहत नाही. शब्दाखाली उमटलेली तांबडी रेघ आपण निकालासारखी वाचतो. या साधनाच्या एका आद्य रूपात मात्र निकाल नव्हताच. होती फक्त एक यादी.

हे रूप सिद्ध झाले ते अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत. युनिक्स ही संगणकप्रणाली तेथेच जन्मली. आज्ञेची एक ओळ टंकावयाची आणि उत्तर अक्षरांतच घ्यावयाचे, अशी तिची रीत होती. १९७० नंतरच्या दशकात रॉबर्ट मॉरिस व लोरिंडा चेरी यांनी तेथे 'टायपो' नावाची आज्ञावली रचली. तिची युक्ती मोठी मार्मिक होती. अडीच हजारांहून अधिक नित्याचे इंग्रजी शब्द ती प्रथम बाजूला काढी. उरलेल्या शब्दांतील दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या जोड्या त्याच लेखात किती वेळा येतात हे मोजी, आणि विक्षिप्त वाटणारे शब्द अनुक्रमाने पुढे मांडी. म्हणजे लेखाचे माप लेखानेच ठरावयाचे. एखाद्या लेखकाची शैली त्याच्याच लेखनावरून तोलणाऱ्या समीक्षकाला ही रीत परकी वाटू नये.

१९७५ साली स्टीव्ह जॉन्सन यांनी 'स्पेल' ही निराळ्या वळणाची आज्ञावली एका दुपारात लिहिली. लेखातील शब्द सुटे करावयाचे, अकारविल्हे लावावयाचे, पुनरुक्ती गाळावयाची आणि कोशातील यादीशी ताडून पाहावयाचे. जे यादीत नाहीत ते छापावयाचे. एवढेच. दुरुस्ती ती सुचवीत नसे. शब्द वाक्यातून उचललेला असल्यामुळे मूळ जागी परत जाऊन निर्णय घेण्याचे काम लेखकाकडेच राही.

पुढे डग्लस मॅक्इलरॉय यांनी तिला जे रूप दिले, त्याची हकीकत त्यांच्या १९८२ च्या निबंधात आहे. शब्दयादी कशी घडते याविषयीचा हा निबंध कोशकारांनीही वाचावा अशा योग्यतेचा आहे. त्या यंत्रावर आज्ञावलीला मिळणारी स्मृती अवघी ६४ किलोबाइट. तीत सुमारे ३०,००० शब्द बसवावयाचे होते. मॅक्इलरॉय यांनी शब्द साठविलेच नाहीत. प्रत्येक शब्दापासून गणिताने काढलेला एक आकडा तेवढा साठविला. चुकीच्या शब्दाचा आकडा योगायोगाने एखाद्या खऱ्या शब्दाशी जुळण्याचा संभव सुमारे चार हजारांत एक. तेवढी जोखीम त्यांनी पत्करली. उपसर्ग-प्रत्यय सोडवून मूळ शब्द शोधण्याचे नियमही त्यांनी घातले. पण नियमाने सिद्ध होणारे आणि भाषेत नसलेले शब्दही असतात. म्हणून त्यांची स्वतंत्र निषेधयादी ठेवावी लागली. संकेत ब्रिटिश हवा असेल तर आज्ञेपुढे एक अक्षर जोडावे लागे. शुद्धता देशपरत्वे बदलते याची ही यंत्राने दिलेली प्रांजळ कबुलीच म्हणावयाची.

यादी जितकी मोठी तितकी चांगली, हा सामान्य समज येथे उपयोगी पडत नाही. नित्याचा शब्द लिहिताना झालेली चूक पुष्कळदा दुर्मिळ शब्दाचे रूप घेते. तो दुर्मिळ शब्द यादीत असला की चूक लपते. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही यादीत असल्यावर यंत्र मुकाट्याने दोहोंना सोडून देते.

दुरुस्ती सुचविण्याची परंपरा मात्र याहून जुनी. राल्फ गोरिन यांच्या १९७१ च्या स्टॅनफर्डमधील आज्ञावलीपासून ती 'आयस्पेल'पर्यंत येते. केव्हिन ॲटकिन्सन यांच्या 'ॲस्पेल'ने उच्चारसाम्याचाही आधार घेतला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा हंगेरीतला. हंगेरियन ही प्रत्ययांवर प्रत्यय चढविणारी भाषा. तिच्यासाठी लास्लो नेमेथ यांनी रचलेल्या 'हनस्पेल'मध्ये एकामागून एक दोन प्रत्यय सोडविण्याची सोय आहे. 'घरातल्यांनाच' हा शब्द पाहिला की मराठीला तिची किती गरज आहे हे कळते. आमची अडचण त्याहूनही खोल आहे. 'गरीब'चे 'गरिबाला' होते, पण 'शरीर'चे 'शरीराला'च राहते. कारण दुसरा शब्द तत्सम आहे. म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय शब्दाच्या कुळावर अवलंबून, आणि प्रत्येक शब्दाचे कूळ यादी करणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेले असावे लागते.

शिवाय आमची यादी बहुधा १९६२ नंतरची. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले, आणि व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार लेखनातून गेला. त्यापूर्वीचे पुस्तक यंत्रापुढे ठेवले तर 'नाहीं' आणि 'करणें' पानोपानी दोषी ठरतात. सुचविलेली दुरुस्ती सरसकट स्वीकारणारा संपादक संहितेतील पुरावाच पुसून टाकतो. अशा कामात ॲस्पेलची 'लिस्ट' ही आज्ञा मला अधिक उपयोगी वाटते. ती फाइलला हात लावीत नाही, अनोळखी शब्द तेवढे ओळीने देते. ते मोजून लावले की शेकडो वेळा आलेला 'नाहीं' हा त्या काळाचा संकेत म्हणून बाजूला राहतो, आणि एकदाच आलेला विचित्र शब्द जुळाऱ्याच्या हातची चूक असावी म्हणून मूळ छापील पान पुन्हा उघडावे लागते.