मेजाची वंशावळ

लोणावळ्या-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांत एखादे नक्षीदार विलायती लेखनमेज दृष्टीस पडले, की ते अमुक गव्हर्नरसाहेबांचे होते असे हटकून सांगण्यात येते. गव्हर्नराहून कमी योग्यतेच्या इंग्रजास लिहिण्यासाठी मेज लागतच नसावे, असा आमचा समज होऊ लागला आहे!

बोरघाटातील गाडीरस्ता माल्कमसाहेबांच्या कारकीर्दीत, १८३० साली खुला झाला आणि लोहमार्ग १८६३ साली. अवजड सामान मावळात सुखरूप आणणे खरे सुलभ झाले ते आगगाडीमुळे. तेव्हा ही मेजे बहुधा त्यानंतर मुंबईकर धनिकांच्या बिऱ्हाडांबरोबर घाट चढली असावीत. शिवाय ती विलायतेतच घडली, हे तरी कशावरून? एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर शिसवी लाकडावर विलायती धर्तीचे कोरीवकाम करीत, आणि त्यास मागणीही मोठी होती. म्हणून नक्षीकडे न पाहता खण बाहेर काढून उलटा करावा. न दिसणाऱ्या भागांस ओक वा पाइन असेल तर विलायतेचा संभव अधिक. सागवान असेल तर काम बहुधा इकडचे. कुलपावर ब्रामाचे नाव असल्यास ते कुलूप १७८४ च्या पूर्वीचे नव्हे. मात्र कुलपे मागाहूनही बदलतात.

हे झाले घडणीचे. मालकी लाकडावरून कळत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांचे सुप्रसिद्ध मेज पाहावे. ‘रेझोल्यूट’ हे ब्रिटिश जहाज १८५४ साली उत्तरेच्या बर्फात सोडून देण्यात आले. पुढल्या वर्षी ते एका अमेरिकन देवमाशांच्या शिकाऱ्यास वाहत जाताना सापडले. अमेरिकेने ते विकत घेऊन व्हिक्टोरिया राणीस परत केले. १८७९ साली ते मोडण्यात आले आणि त्याच्या लाकडाचे मेज १८८० साली राणीने अध्यक्ष हेज यांस भेट पाठविले. एवढी अद्भुत कथा, पण तीविषयी कोणी शंका घेत नाही; कारण ती मेजावरच एका पट्टीवर कोरलेली आहे.

आमच्याकडे बंगला पाडावयाचा ठरला, की मेज चोरबाजाराची वाट धरते आणि खणांतील पावत्या, पत्रे, लिलावाच्या याद्या रद्दीत जातात. मेजास गिऱ्हाईक मिळते, कागदांस मिळत नाही. नव्या मालकास मग गव्हर्नरसाहेब निर्माण करणे भागच पडते. ज्यांच्या घरी असे मेज असेल त्यांनी ते कोणाकडून, केव्हा व किती रुपयांस घेतले, हे एका कागदावर लिहून खालच्या खणाच्या तळाशी चिकटवावे. आजोबांनी ते एखाद्या लिलावात स्वस्तात पदरात पाडून घेतले असले, तरी तसे लिहावयास संकोच करू नये.