आजारातून बरे होणे आणि अँटिऑक्सिडंट आहार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आजारातून उठलेल्या माणसाला फळे, भाज्या व आवळा द्यावा, हा समज जुना आहे. त्याला 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाचे वैज्ञानिक वलय मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाभले. आहारातील उणीव भरून काढणे आणि शरीरातील ऑक्सिडीकरण रोखणे या दोन भिन्न कल्पना आहेत. त्यांची सरमिसळ कशी झाली आणि रुग्णांच्या दृष्टीने तिचे परिणाम काय झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्कर्व्ही आणि ताजे अन्न :
१७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने 'सॉल्सबरी' या जहाजावर स्कर्व्हीच्या बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीवर निराळा उपाय योजला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबूरसाचे सार्वत्रिक वाटप सुरू होण्यास १७९५ साल उजाडले.

या इतिहासाचा महाराष्ट्राशीही संबंध येतो. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. तेथे भारतीय सैनिकांत स्कर्व्ही, तर ब्रिटिश सैनिकांत बेरीबेरी बळावली. ब्रिटिशांना घोड्याचे ताजे मांस मिळत होते. अनेक भारतीय सैनिकांनी धर्मभावनेमुळे ते दीर्घकाळ नाकारले. एकाच वेढ्यात दोन निराळे आजार उद्भवले, याचे कारण शिध्यातील फरकात होते.

याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवून दिल्या. नौदलात पुढे रूढ झालेल्या वेस्ट इंडीजमधील आंबट लाइमच्या रसाची शक्ती ताज्या लेमनच्या रसाच्या सुमारे एक-चतुर्थांशच होती. आणि कोरड्या कडधान्यात नसलेला स्कर्व्हीरोधक गुण त्याला मोड येताच निर्माण होत होता. सर्बियन सैनिकांवरील १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मोड आलेल्या घेवड्याचा परिणाम लिंबूरसापेक्षाही सरस आढळला. आपल्या स्वयंपाकघरातील उसळीचे मोल अशा रीतीने रणांगणाच्या अनुभवातून सिद्ध झाले.

जखम भरण्यामागील कारण :
१९२८ मध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी वेगळे केलेले द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. पुढे जॉन क्रॅन्डन या अमेरिकन शल्यविशारदाने क जीवनसत्त्वविरहित आहार घेऊन स्वतःवरच प्रयोग केला. तिसऱ्या महिन्यात मुद्दाम केलेली जखम नीट भरून आली. सहाव्या महिन्यातील जखम मात्र भरेना. क जीवनसत्त्व दिल्यावर तीही भरली. १९४० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलॅजेन घडवणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्वाची गरज असते, हे त्यामागील कारण होय. येथे 'ऑक्सिडीकरण रोखणे' या सर्वसाधारण गुणापेक्षा एका विशिष्ट जैवरासायनिक कार्याचे महत्त्व अधिक आहे.

ऑक्सिडीकारक ताणाची संकल्पना :
१९५४ मध्ये रिबेका गर्शमन यांनी ऑक्सिजनची विषबाधा व क्ष-किरणांची इजा यांमागे मुक्त मूलके हे समान कारण असल्याचे मांडले. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध या मूलकांशी जोडला. १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नष्ट करणारे विकर शोधले, तर १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी 'ऑक्सिडीकारक ताण' ही संज्ञा रुजवली. दरम्यान १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांच्या सर्दीविषयक ग्रंथाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांना लोकप्रियता मिळवून दिली.

याच प्रवाहातील दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी स्वतःच सुपरऑक्साइड निर्माण करतात, हे १९७३ मध्ये बर्नार्ड बेबियर व सहकाऱ्यांनी दाखवले होते. मुक्त मूलके केवळ शत्रू नसून शरीराचे शस्त्रही आहेत.

चाचण्यांचा कौल :
१९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. कोविड काळात भारतात क जीवनसत्त्व व जस्ताच्या गोळ्यांचा मोठा वापर झाला. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत त्यांच्या मोठ्या मात्रांनी लक्षणांचा कालावधी लक्षणीयरीत्या घटला नाही. २०२२ मधील जंतुदोषग्रस्त अतिदक्षता रुग्णांच्या चाचणीत शिरेतून क जीवनसत्त्व दिलेल्या गटात २८ दिवसांनंतर मृत्यू अथवा अवयवांचे सततचे अकार्य यांचे प्रमाण ४४.५ टक्के, तर तुलनेच्या गटात ३८.५ टक्के होते.

समारोप :
लिंड, चिक व क्रॅन्डन यांच्या निरीक्षणांत जे यश दिसले, ते उणीव असलेल्या शरीराला आवश्यक घटक मिळाल्याचे होते. उणीव नसताना मात्रा वाढवल्यास लाभही वाढेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून रुग्णाच्या ताटातील आवळा, पालेभाजी व मोड आलेल्या कडधान्यांचे स्थान अबाधित राहते. परंतु 'अँटिऑक्सिडंट' या नावावर विकल्या जाणाऱ्या गोळीला तेच प्रामाण्य आपोआप लाभत नाही. बेताचे उत्पन्न असलेल्या कुटुंबाने आजारपणात पैसा फळभाजीवर खर्चावा की बाटलीवर, हा प्रश्न येतो तेव्हा या इतिहासाचे व्यावहारिक मोल जाणवते.