स्मृतिभ्रंशात दुसऱ्याचे मन का कळेनासे होते?

समजा, तुळजापुरातल्या एका घरात सासूबाई कवड्यांची माळ देवघरात ठेवून बाहेर गेल्या. मागे सुनेने ती कपाटात ठेवली. परत आल्यावर सासूबाई माळ कुठे शोधतील? देवघरात, हे आपण पटकन सांगतो. माळ खरोखर कुठे आहे आणि सासूबाईंना ती कुठे वाटते, या दोन गोष्टी आपण मनात वेगळ्या ठेवू शकतो. साधारण चार-पाच वर्षांच्या मुलांनाही हे जमू लागते. मानसशास्त्रात या क्षमतेला ‘मनाचा सिद्धांत’ म्हणतात. नाव जड असले तरी काम रोजचे आहे. थट्टा, टोमणा, भीड, समजूत काढणे हे सगळे तिच्याच जोरावर चालते.

स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, ही क्षमता कमी होत जाते. पण सर्व प्रकारांत सारखी नाही, आणि घरच्यांचा गोंधळ नेमका इथेच उडतो.

सर्वाधिक आढळणाऱ्या अल्झायमरमध्ये बिघाड बहुधा आठवणीपासून सुरू होतो. कोणाला काय माहीत आहे, कोणाला काय सांगितले होते, हे धागे एका वेळी धरता येत नाहीत. नवरात्रात घर पाहुण्यांनी भरले की अडचण आणखी वाढते. माळ स्वतःच दुसरीकडे ठेवल्याचे आठवत नाही. मग ती सुनेने चोरली, असे ठाम वाटू लागते. सुनेला हा आरोप फार लागतो, पण तो बहुतेक वेळा आठवणीतली पोकळी भरण्यातून येतो.

भावना मात्र बराच काळ पोहोचतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. चित्रफितीत काय होते ते रुग्ण विसरले, पण त्यातून आलेली भावना टिकून राहिली. सकाळचे रागाचे शब्द दुपारी आठवत नसले, तरी जीव खट्टू राहतो तो असा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हेच दाखवतात. विद्वत्ता विसरत चाललेल्या या माणसाला माहुताच्या बायकोची माया मात्र कळते.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या वर्तन बदलणाऱ्या प्रकारात चित्र जवळजवळ उलटे असते. तो अनेकदा 45 ते 65 या वयात सुरू होतो. सुरुवातीला हिशेब, रस्ते, नावे बऱ्यापैकी लक्षात असतात. झीज होते ती मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागांत. मयताच्या घरी विनोद करणे, मुलगी रडत असताना जेवण मागणे, टोमणा शब्दशः घेणे, असे वागणे दिसते. लोक म्हणतात, माणूस निगरगट्ट झाला. रुग्णाला स्वतःतला बदल सहसा जाणवत नाही, म्हणून ‘तुला काही वाटते की नाही?’ या प्रश्नाचा उपयोग होत नाही. ‘मला वाईट वाटले आहे, जरा शेजारी बस’ असे सरळ सांगितलेले अधिक कामी येते.

या प्रकारात स्मरणाची साधी चाचणी सुरुवातीला ठीक येऊ शकते. त्यामुळे वागण्यातला बदल केव्हापासून आणि कसा झाला, हे घरच्यांनीच डॉक्टरांना सांगावे लागते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही अशी काही लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार असतात, म्हणून तीही तपासली जातात. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. सांभाळणाऱ्या माणसाचाच धीर सुटू लागला, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.